जुन्या पिकअपचा फ्युएल पंप बदलण्याआधी: विद्युत दोष शोधण्याचा योग्य क्रम

पेट्रोलवर किंवा पेट्रोल-सीएनजीवर चालणारी जुनी पिकअप सेल घेते पण इंजिन पकडत नाही, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा पहिला निष्कर्ष निघतो तो ‘पंप गेला’ असा. टाकी उतरवली जाते, नवा पंप बसतो आणि गाडी सुरूही होते. मात्र काही आठवड्यांनी, बहुधा हौद्यात माल असताना आणि कसारा घाटासारख्या चढावर, तीच तक्रार पुन्हा उभी राहते. पंप बदलताना कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून परत बसवला जातो, तेव्हा गंजलेल्या पिना एकमेकींवर घासल्या जातात आणि त्यांचा संपर्क तात्पुरता सुधारतो. नवी मोटर कमी व्होल्टेजवरही काही काळ तग धरते. त्यामुळे श्रेय नव्या पंपाला मिळते आणि खरा दोष वायरिंगमध्ये तसाच राहतो.

पंपाला हात लावण्याआधी त्याच्यापर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचते का आणि त्याचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्याचा मार्ग) धड आहे का, हे पंप चालू असताना मोजले पाहिजे. पुढील सर्व टप्पे याच एका कामासाठी आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्यातील आकडा पुढच्या टप्प्यातील आकड्याचा अर्थ ठरवतो.

हा लेख टाकीच्या आत विद्युत पंप असलेल्या, इंजेक्शन प्रणालीच्या पेट्रोल इंजिनांसाठी आहे. नाशिक जिल्ह्यात धावणाऱ्या बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपमध्ये असा पंप नसतोच. तेथे डिझेल ओढण्याचे काम यांत्रिक पंप करतो आणि विद्युत भाग म्हणजे मुख्यतः इंजेक्शन पंपावरील स्टॉप सोलेनॉइड (डिझेलचा पुरवठा चालू-बंद करणारी विद्युत झडप). चावी ऑन केल्यावर त्या सोलेनॉइडला १२ व्होल्ट मिळतात का आणि तो ‘टक्’ असा वाजतो का, एवढे तेथे प्रथम पाहावे. कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळ्या घरच्या घरी कधीही सैल करू नयेत. त्यांतील दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते.

## तयारी

काम उघड्यावर, सपाट जागी आणि इंजिन थंड असताना करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खाली साचते. म्हणून गॅरेजमधील खड्ड्यात उतरून किंवा बंद शेडमध्ये टाकीचे काम करू नये. विडी, सिगारेट, गॅस कटर आणि हॅलोजनचा दिवा दूर ठेवावा. उजेडासाठी एलईडी बॅटरी वापरावी. कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी असावा. हातातील अंगठी आणि धातूचे कडे काढून ठेवावे.

साधने थोडीच लागतात, पण ती नेमकी हवीत:

- डिजिटल मल्टिमीटर आणि त्याला जोडण्यासाठी पाच-सहा मीटर लांबीची, टोकाला क्लिप असलेली वायर.
- डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. बाजारातील स्वस्त क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी करंट मोजतात आणि गाडीच्या वायरीवर शून्य दाखवतात. विकत घेताना त्यावर डीसी अँपियरची खूण आहे, हे पाहून घ्यावे.
- मध्ये १५ अँपियरचा फ्यूज असलेली जंपर वायर.
- कपलरच्या मागून आत सरकवता येतील अशा बारीक पिना, पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर.
- शक्य असल्यास त्या मॉडेलचा वायरिंग आकृतिबंध. वायरींच्या रंगांवर विसंबू नये. जुन्या गाडीत आधीच्या कारागिराने हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली असू शकते.

एक वही आणि पेन जवळ ठेवावे. प्रत्येक मोजमाप लिहून घेतले नाही, तर सहाव्या टप्प्यावर पोहोचेपर्यंत दुसऱ्या टप्प्याचा आकडा आठवत नाही आणि सगळे पुन्हा मोजावे लागते.

इशारा: टाकीजवळ कोणतीही जोडणी करताना आधी ती जोडावी आणि मग पुरवठा दूरवरून, म्हणजे रिलेपाशी (पंपाचा पुरवठा चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचपाशी), सुरू करावा. ठिणगी पडलीच तर ती टाकीपासून लांब पडली पाहिजे.

## टप्पा १: दोष खरोखर पंपाच्या मंडलात (सर्किटमध्ये) आहे का?

टाकीत किमान पाच लिटर पेट्रोल ओतावे. काटा पाव टाकी दाखवतो म्हणून पेट्रोल आहे, असे मानू नये; जुन्या गाडीत काटाच चुकीचा असण्याची शक्यता मोठी असते.

आता टाकीजवळ एका माणसाला कान देऊन उभे करावे आणि चावी ऑन करावी, सेल मारू नये. धडधाकट मंडलात पंप साधारण दोन ते तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. हे थांबणे म्हणजे बिघाड नव्हे. इंजिन फिरत असल्याचा संकेत मिळेपर्यंत ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) पंप बंद ठेवतो, जेणेकरून अपघातानंतर इंजिन बंद पडले तर पंप पेट्रोल फेकत राहू नये. हे ठाऊक नसल्याने होणारी चूक फार सर्रास आढळते: चावी ऑन करून कारागीर गाडीखाली जातो, तोवर तीन सेकंद उलटलेले असतात, मीटर शून्य दाखवतो आणि ‘वायर तुटली आहे’ असा निष्कर्ष निघतो.

पंपाचा आवाज येवो वा न येवो, आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहिला तर दोष चावी ओळखण्यात असू शकतो. सेल मारताना प्लगला स्पार्क येत नसेल आणि आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल, तर क्रँक सेन्सरकडे (इंजिन फिरत असल्याचा संकेत देणाऱ्या सेन्सरकडे) संशय न्यावा. तो संकेत हरवला की ईसीयू स्पार्क आणि पंप दोन्ही थांबवतो आणि दोष मात्र पंपाला दिला जातो. काही गाड्यांत धक्का बसल्यावर इंधन तोडणारा स्विच असतो. खड्ड्यात जोरात आदळल्यानंतर गाडी बंद पडली असेल, तर मालकाच्या पुस्तिकेत त्याची जागा शोधून तो पूर्ववत करावा.

पडताळणी: आवाज मुळीच येत नाही, की येतो पण क्षीण आणि घरघरता येतो, हे वहीत लिहावे. दोन्हींचा शोध पुढे वेगळ्या दिशेने जातो.

## टप्पा २: बॅटरी

इंजिन बंद ठेवून काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट असावेत. १२.४ पर्यंत काम चालते, १२.० च्या आसपास असेल तर बॅटरी जवळपास रिकामी आहे आणि पुढचे प्रत्येक मोजमाप फसवे ठरेल. सेल मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरता कामा नये. इंजिन सुरू होत असेल तर चार्जिंगचे व्होल्टेज १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असल्याची खात्री करावी. मीटरची टोके बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर लावावीत, थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नव्हे, नाहीतर खांब आणि थिंबल यांच्यामधला गंज नजरेआड राहतो.

बॅटरी उतरलेली असेल तर आधी ती चार्ज करावी आणि मगच पुढे जावे.

## टप्पा ३: फ्यूज

फ्यूज काढून नुसता डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही. त्याच्या दोन्ही पात्यांवर व्होल्टेज मोजावे. मात्र हा फ्यूज रिलेच्या पुढे असेल तर पंप चालू असतानाच मोजमाप होईल, हे आकृतिबंधावरून आधी पाहून घ्यावे. फ्यूजच्या घराचे प्लॅस्टिक पिवळे पडले किंवा वितळले असेल, तर आतली पकड सैल झाली आहे आणि तेथे उष्णता निर्माण होते आहे, असे समजावे. असे घर बदलणेच योग्य.

फ्यूज जळालेला मिळाला तर त्याच क्षमतेचा नवा बसवावा. तो लगेच जळाला तर वायर कुठेतरी चॅसीला टेकली आहे किंवा पंप जाम झाला आहे. टाकीवरील कपलर सोडवून पुन्हा पाहावे: तरीही फ्यूज जळतो तर दोष वायरीत, आणि जळत नाही तर पंपात किंवा कपलरच्या पुढील भागात.

इशारा: १५ अँपियरच्या जागी ३० चा फ्यूज, चांदीचा कागद किंवा तांब्याची तार कदापि लावू नये. ही वायर पेट्रोलच्या टाकीवर जाऊन संपते, हे विसरता कामा नये.

## टप्पा ४: रिले

चार पिनांच्या रिलेवर सामान्यतः ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे असतात. ३० वर बॅटरीचा पुरवठा येतो, ८७ मधून तो पंपाकडे जातो. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके. चावी ऑन केल्यावर कॉइलच्या एका टोकाला १२ व्होल्ट मिळतात आणि दुसरे टोक ईसीयू अर्थ करतो.

रिले वाजला म्हणजे तो चांगला, हा समज सोडून द्यावा. ‘टक्’ हा आवाज कॉइल काम करते एवढेच सांगतो. आतले संपर्कबिंदू जळलेले असतील तर रिले वाजूनही करंट पुरेसा जात नाही. सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे त्याच गाडीतील हॉर्नचा रिले तात्पुरता पंपाच्या जागी लावून पाहणे. मात्र दोन्ही रिलेंवरील भाग क्रमांक आणि पिनांची मांडणी तंतोतंत जुळली पाहिजे.

रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये मोजावे. ३० च्या खाचेत बॅटरीइतकेच व्होल्टेज हवे. मग १५ अँपियरचा फ्यूज असलेली जंपर वायर ३० आणि ८७ या खाचांत लावावी. खाचा ओळखण्यात चूक होऊ देऊ नये, कारण जंपर कॉइलच्या खाचेत गेला तर ईसीयूला बॅटरीचा थेट पुरवठा मिळून तो निकामी होऊ शकतो. जंपर लावताच पंप सलग चालू लागला, तर ८७ पासून पंपापर्यंतचा मार्ग निदान जोडलेला आहे. आता दोष रिलेत किंवा त्याच्या नियंत्रणात असण्याची शक्यता वाढते, पण पाचवा आणि सहावा टप्पा झाल्याशिवाय वायरिंगला निर्दोष ठरवू नये.

ईसीयूकडून येणारे अर्थाचे टोक तपासताना मोठ्या बल्बचा टेस्ट लॅम्प वापरू नये. त्याचा करंट ईसीयूच्या आतील ट्रान्झिस्टरला झेपेलच असे नाही. तेथे मल्टिमीटर किंवा एलईडी टेस्टर पुरतो.

### सीएनजी किट असेल तर

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटमध्ये पेट्रोल पंपाची वायर कापून मध्ये किटचा स्वतःचा रिले घातलेला आढळतो, जेणेकरून गॅसवर चालताना पंप बंद राहावा. ही जोडणी नुसती पिळून टेप गुंडाळलेली असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्यावा. तो सांधा शोधावा, टेप सोडावी आणि तांब्याचा रंग पाहावा. हिरवा किंवा काळा पडला असेल तर मूळ दोष सापडण्याची शक्यता मोठी आहे. अनेक गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. त्यामुळे ‘गॅसवरही सुरू होत नाही, म्हणजे पंपाचा संबंध नाही’ हा तर्क तेथे लागू पडत नाही.

## टप्पा ५: पंप चालू असताना पुरवठ्याची तपासणी

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. मोजणीची नेहमीची पद्धत अशी असते की कपलर काढायचा, उघड्या पिनांवर मीटर लावायचा, १२.५ व्होल्ट दिसले की वायरिंग ठीक म्हणायचे आणि पंप बदलायचा. ही पद्धत चुकीची आहे. डिजिटल मीटरचा आतला रोध (रेझिस्टन्स) साधारण दहा मेगाओम असतो, म्हणजे तो वायरीतून जवळपास काहीच करंट ओढत नाही. वायरीचे सगळे धागे तुटून एकच उरला असला, तरीही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवेल. द्राक्षबागेतील ठिबकची नळी मध्येच चोंदलेली असावी आणि शेवटचे टोक बंद असताना दाबमापक पूर्ण दाब दाखवावा, तसेच हे आहे. पाणी सोडल्यावरच चोंदलेली जागा कळते.

हिशोब करून पाहावा. पंप ५ अँपियर ओढतो आणि वाटेतल्या एका गंजलेल्या सांध्याचा रोध ०.४ ओम आहे. तेथेच २ व्होल्ट खर्च होतात. ०.४ ओम हा रोध साध्या मल्टिमीटरवर, त्याच्या स्वतःच्या वायरींच्या रोधात मिसळून, लक्षातही येत नाही. पंपाची मोटर मात्र हळू फिरते, दाब पुरा पडत नाही आणि चढावर इंजिन दम तोडते.

म्हणून कपलर जोडलेलाच ठेवावा आणि मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने, बारीक पिन आत सरकवावी. टाकीवरचा कपलर हाताला येत नसेल तर चॅसीच्या कडेने जाणाऱ्या हार्नेसमधला (वायरींच्या जुडग्यातला) त्याआधीचा कपलर वापरावा. कपलरला चार वायरी असतील तर त्यांतल्या दोन बहुधा पंपाच्या आणि दोन पेट्रोलच्या काट्याच्या असतात. पंपाच्या वायरी सहसा जाड असतात, तरी आकृतिबंधावरून खात्री करावी. वायरीचे आवरण टोचून मोजू नये, कारण त्या छिद्रातून पावसाचे पाणी आत जाते आणि पुढच्या वर्षीचा दोष आपणच पेरून ठेवतो.

रिलेच्या जंपरने पंप सुरू करावा आणि या क्रमाने मोजावे:

1. बॅटरीच्या दोन्ही खांबांवर.
2. पंपाच्या दोन्ही पिनांवर.
3. मीटरचे लाल टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि काळे टोक पंपाच्या धन पिनेवर. हा पुरवठ्याच्या बाजूचा घसारा, म्हणजे वाटेत खर्च झालेले व्होल्टेज; तो ०.५ व्होल्टच्या आत असावा.
4. लाल टोक पंपाच्या ऋण पिनेवर आणि काळे टोक बॅटरीच्या ऋण खांबावर. हा अर्थाच्या बाजूचा घसारा, तो ०.२ व्होल्टच्या आत असावा.

पडताळणी: दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आकड्याची बेरीज पहिल्या आकड्याइतकी आलीच पाहिजे. समजा बॅटरीवर १२.४, पंपावर ९.८, पुरवठ्याचा घसारा ०.४ आणि अर्थाचा २.२ आहे. बेरीज १२.४ येते, म्हणजे मोजणी बरोबर आहे आणि दोष अर्थाच्या बाजूस आहे. अशा गाडीत कितीही पंप बदलले तरी तक्रार संपणार नाही. बेरीज जुळत नसेल तर एखादी पिन नीट टेकलेली नाही, पुन्हा मोजावे.

पुरवठ्याचा घसारा ०.५ पेक्षा जास्त आला तर मार्ग अर्धा-अर्धा करत शोधावा. बॅटरी ते ३० ची खाच, ८७ ची खाच ते हार्नेसचा मधला कपलर, तेथून पंप. ज्या दोन बिंदूंमध्ये मोठा आकडा मिळेल, दोष तेथेच आहे. मग जंपर काढून, मूळ रिले परत बसवून, एका सहकाऱ्याने चावी ऑन केल्यावर त्या दोन-तीन सेकंदांत किंवा सेल मारताना बॅटरीचा धन खांब आणि पंपाची धन पिन यांच्यातील घसारा पुन्हा पाहावा. जंपरवर चांगला आणि रिलेवर वाईट आकडा आला तर रिलेचे संपर्कबिंदू जळलेले आहेत.

पंप मुळीच फिरत नसेल, तर भार म्हणून ५५ वॅटचा हेडलॅम्प बल्ब वापरता येतो. तो सुमारे साडेचार अँपियर घेतो, म्हणजे पंपाच्या जवळपास. कपलर सोडवून, लांब वायरी लावून बल्ब टाकीपासून किमान तीन मीटर दूर, उघड्यावर ठेवावा, सर्व जोडणी आधी पुरी करावी आणि पुरवठा रिलेपाशी सुरू करावा. टाकीचे झाकण किंवा पंपाचा मॉड्यूल उघडा असताना ही परीक्षा करू नये. कपलरच्या पिनांवर मोजल्यावर दोन्ही घसारे मर्यादेत असूनही पंप जोडल्यावर फिरत नसेल, तर कपलरची पकड तपासून पंपावर बोट ठेवण्यास हरकत नाही.

## टप्पा ६: अर्थ

जुन्या पिकअपमध्ये माझा पहिला संशय नेहमी अर्थावर असतो. पंपाची अर्थ वायर बहुधा चॅसीवरच्या एखाद्या बोल्टला जोडलेली असते आणि हा बोल्ट चिखल, पावसाचे पाणी आणि हौद्यातून झिरपणारे द्रव यांच्या नेमका माऱ्यात असतो. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात पावसाळाभर फिरणारी गाडी आणि निफाड-दिंडोरीत बागांना औषधे पुरवणारी गाडी या दोघींत हा दोष अपेक्षितच धरावा. बोर्डो मिश्रणातील मोरचूद लोखंडाला झपाट्याने खाते, आणि त्याची सांडलेली पिंपे ज्या हौद्यातून जातात त्याखालचे बोल्ट वरून रंगवलेले दिसले तरी आतून गंजलेले असतात.

एक खूण उपयोगी पडते. पंपाचा आणि पेट्रोलच्या काट्याचा अर्थ अनेक गाड्यांत एकच असतो. पंप चालू होताच काटा हलला किंवा चुकीचा आकडा दाखवू लागला, तर सामाईक अर्थ खराब असल्याचा तो सबळ पुरावा समजावा.

दोष पक्का करण्यासाठी पंपाच्या ऋण पिनेपासून बॅटरीच्या ऋण खांबापर्यंत तात्पुरती जाड वायर जोडावी, मग पंप सुरू करावा. घसारा नाहीसा झाला आणि पंपाचा सूर चढला, तर निदान झाले. त्यानंतर मूळ बोल्ट पूर्ण काढावा, थिंबल आणि चॅसीचा पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासावेत, दातेरी वॉशर घालून आवळावे आणि मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावावी. रंगाच्या थरावर थिंबल आवळणे ही येथील नेहमीची चूक आहे. बॅटरीच्या ऋण टोकापासून चॅसीला आणि इंजिनाला जाणाऱ्या पट्ट्याही याच वेळी तपासाव्यात.

इशारा: नवा अर्थ घेण्यासाठी टाकीजवळ ड्रिलने छिद्र पाडू नये आणि वेल्डिंग तर मुळीच करू नये.

## टप्पा ७: करंट

पुरवठा आणि अर्थ मर्यादेत आल्यावरच करंट मोजावा. त्याआधीच्या आकड्यावरून काही ठरत नाही. डीसी क्लॅम्प शून्यावर आणून पंपाच्या पुरवठ्याच्या एकाच वायरीभोवती लावावा. लहान पेट्रोल इंजिनांच्या पंपांचा करंट साधारणतः ३ ते ६ अँपियर असतो. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो.

करंट शून्य असेल आणि पिनांवर पूर्ण व्होल्टेज असेल, तर मोटरचे कार्बन (मोटरच्या आत करंट पोहोचवणारे ब्रश) संपले आहेत किंवा आतली जोडणी तुटली आहे. करंट बराच जास्त आणि आवाज जड असेल, तर पंप जाम होतो आहे किंवा पुढचा फिल्टर चोंदला आहे. म्हणून पंप घेण्याआधी फिल्टर बदलून पुन्हा मोजावे. करंट कमी आणि आवाज किरटा असेल, तर टाकीतली जाळी चोंदली असू शकते किंवा पेट्रोल कमी पडत असेल.

टाकीच्या बुडावर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर बंद पंप सुरू झाला, तर कार्बन किंवा ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर झिजलेला आहे. तो पंप त्या दिवशी घरी पोहोचवेल, पण त्यावर दुसऱ्या दिवशी टोमॅटो भरून पिंपळगाव बसवंतची वाट धरू नये.

ओम मोजून पंप पारखण्याचा आग्रह धरू नये. मोटरचा रोध फार लहान असतो आणि ती ज्या स्थितीत थांबली असेल त्यानुसार बदलतो.

## टप्पा ८: मधूनच येणारा दोष

गाडी गॅरेजमध्ये नीट चालते आणि रस्त्यावरच बंद पडते, तेव्हा मीटर गाडीबरोबर न्यावा लागतो. पंपाच्या धन आणि ऋण वायरींवरून दोन बारीक वायरी, धन वायरीला पंपापाशीच १ अँपियरचा फ्यूज घालून, केबिनपर्यंत आणाव्यात आणि मीटर जोडावा. मीटर चालकाने पाहायचा नाही. शेजारी बसलेल्याने पाहायचा.

इंजिन दम तोडत असताना मीटरवर पूर्ण व्होल्टेज असेल, तर विद्युत पुरवठा निर्दोष आहे आणि पंप, फिल्टर किंवा इंधनमार्गाकडे वळावे. व्होल्टेज हळूहळू उतरले, तर तापणारा सांधा शोधावा. गाडी थांबताच फ्यूजचे घर, रिले आणि कपलर हाताने चाचपले की तो बहुधा लगेच सापडतो. व्होल्टेज एकदम शून्य झाले, तर रिलेच्या कॉइलचा पुरवठा, इग्निशन स्विच आणि क्रँक सेन्सर हे तिघे संशयित.

उभ्या गाडीत पंप जंपरवर चालू ठेवून हार्नेस थोडा-थोडा हलवत जाण्यानेही बरेच काही सापडते. उंदराने कुरतडलेली वायर अशाच वेळी उघड होते, विशेषतः धान्य किंवा पेंड वाहणाऱ्या गाडीत.

## टप्पा ९: दुरुस्ती

सांधे क्रिंप करून, आतून चिकट थर असलेल्या हीट श्रिंक स्लीव्हने बंद करावेत. नवी वायर मूळ वायरीपेक्षा बारीक नसावी. करपलेल्या कपलरमध्ये नवा पंप जोडू नये. करपलेल्या पिनेची पकड गेलेली असते आणि ती नव्या पंपाची पिनही जाळते. पंप आणि कपलर एकदमच बदलावेत.

पंपच दोषी ठरला असेल तर आधी नळीतला दाब उतरवावा: फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे आणि दोन-तीन सेकंद सेल मारावा. इंजिन सुरूच होत नसेल तर नळी सोडताना सांध्यावर जाड फडके धरावे, कारण तेथे तीन बारच्या आसपास दाब असू शकतो. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि मगच टाकी उघडावी. नवा पंप बसवताना जाळी आणि सीलही नवे घालावेत, टाकीच्या तळातील गाळ आणि पाणी काढावे. टाकीच्या आत साधी वायर किंवा साधी टेप वापरू नये. ती पेट्रोलमध्ये फुगून सुटते.

पडताळणी: धन आणि ऋण वायरींची अदलाबदल झालेली नाही, हे पाहावे. उलट जोडलेली मोटर उलटी फिरते आणि गुणगुणते, पण दाब तयार करत नाही. नवा पंप बसवूनही गाडी सुरू होत नसेल तर ‘नगच खराब आला’ म्हणण्याआधी ही जोडणी तपासावी.

नवा पंप कोरडा चालवून पाहू नये, बाटलीभर पेट्रोल घेऊन बाहेर तर नाहीच. टाकी बंद करून, पाच लिटरपेक्षा अधिक पेट्रोल ओतूनच चावी ऑन करावी आणि नळी भरण्यासाठी ती तीन-चार वेळा ऑन-ऑफ करावी.

## टप्पा १०: पुन्हा मोजणी

पाचव्या टप्प्यातील चारही आकडे आणि सातव्या टप्प्यातील करंट पुन्हा घ्यावा. दोन्ही घसारे मर्यादेत, करंट नेहमीच्या पट्ट्यात आणि कोणताही सांधा दहा मिनिटांनी हाताला गरम लागत नाही, एवढे जुळले तरच काम संपले. हे आकडे तारखेसह फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावेत. पुढची तक्रार आली की तुलनेसाठी दुसरे काही लागत नाही. माल भरून एक फेरी झाल्यावर अर्थाचा घसारा आणखी एकदा पाहावा, कारण नव्याने आवळलेला बोल्ट हादऱ्यांनी बसतो आणि थोडा सैल होतो.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत टाकी नेहमी निदान पाव भरलेली ठेवावी. पंपाची मोटर भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहते आणि त्यानेच वंगण मिळवते. टाकीत लिटर-दोन लिटर ठेवून रोज सकाळी पेट्रोलवर सुरू केली जाणारी गाडी नवा पंपही लवकर जाळते. आठवड्यातून एकदा काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी आणि पंपाचा सूर बदलला आहे का, हे ऐकावे.